यानातलं आडनाव

"तुमच्या नावाला सगळ्यात जास्त मतं पडली," अवकाश संस्थेतून आलेली बाई म्हणाली, "पण यानाला ते देता येणार नाही."

विनोदवीराने हातातला कप टेबलावर ठेवला. नव्या अवकाशयानाला नाव सुचवा, असं संस्थेने लोकांना आवाहन केलं होतं, आणि त्याने टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमात गंमत म्हणून सांगितलं होतं की माझंच नाव पाठवा. लोकांनी पाठवलं. इतकं पाठवलं की बाकीची नावं पार मागे पडली.

"मग कुठलं देणार?"

"दुसऱ्या नंबरचं. 'झुळूक'. एका शाळेतल्या मुलांनी सुचवलंय. शेवटचा निर्णय संस्थेचा, असं नियमांत आधीच म्हटलंय."

"अहो, नियम वाचतो कोण!"

सिंकखाली पाना आपटल्याचा आवाज झाला. विनोदवीराचे वडील तिथे उताणे पडून गळका पाइप आवळत होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस. मुलाकडे चार दिवस राहायला आला तरी कुठला ना कुठला नळ उघडून बसायचाच.

"आज रात्री कार्यक्रम आहे माझा," विनोदवीर म्हणाला. "सांगून टाकतो लोकांना, तुमची मतं कचऱ्यात गेली. मग बघा तुमचे फोन कसे वाजतात ते."

"त्यासाठीच मला पाठवलंय, सर." बाई खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती. नोकरीत ती नवी होती, आणि त्याला राजी केल्याशिवाय परत येऊ नकोस, असं साहेबांनी बजावलं होतं. "आमची एक सूचना आहे. यानातल्या एका यंत्राला तुमचं नाव देऊ. धातूची पाटी, ठळक अक्षरं. कायमची."

तो जरा सैलावला. "कुठल्या यंत्राला? दुर्बिणीला?"

"नाही."

"मग इंजिनाला?"

बाईने उगाचच पर्सचा बंद सारखा केला. "स्वच्छतागृहाला."

"म्हणजे संडासाला?" ओट्यापाशी उभी असलेली त्याची बायको म्हणाली, आणि तोंडावर हात दाबून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

"हसू नकोस!" विनोदवीर ओरडला. कोणाला असं सांगायची त्याच्यावर बहुधा पहिल्यांदाच वेळ आली होती.

"तिथे पाणी खाली कसं जातं?"

प्रश्न सिंकखालून आला होता. सगळे पायांकडे बघायला लागले.

"जात नाही, काका," बाई वाकून म्हणाली. "तिथे वजनच जाणवत नाही, त्यामुळे आपोआप खाली काही पडत नाही. सगळं हवेने ओढून घ्यावं लागतं."

"आणि टाकतात कुठे?"

"टाकत नाहीत. लघवी गाळून, शुद्ध करून तिचं पाणी करतात. सहा माणसं तेच पाणी पिणार."

पाय हलले. मग पोट बाहेर आलं, मग खांदे. कपाळाला काळं लागलेले वडील सिंकखालून निघाले आणि फरशीवरच मांडी घालून बसले.

"हे यंत्र बंद पडलं तर?"

"तर मोहीम संपली. सगळ्यांना परत यावं लागेल."

"आणि ती दुर्बीण बंद पडली तर?"

बाईने थोडा विचार केला. "तर फोटो येणार नाहीत."

वडील मुलाकडे बघत राहिले. मग पोटातून काहीतरी गडगडत वर आलं आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळे वाहायला लागले. "अरे, आपलं आडनाव! नळकामावर! थेट अवकाशात!" सुनेने घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या पाण्याकडे बघून तर त्यांना आणखीच हसू फुटलं.

विनोदवीर बघतच राहिला. सगळ्या देशाला हसवणं त्याला जमलं होतं, या एका माणसाला नाही. कार्यक्रम संपला की वडील "बरा होता" म्हणायचे आणि टीव्ही बंद करायचे.

"बाबा, लोक हसतील मला."

"मग तुझा धंदा काय आहे?"

विनोदवीर खुर्चीतून उठला.

"आणि आडनाव काही तुझ्या एकट्याचं नाही," वडील डोळे पुसत म्हणाले. "आधी माझं आहे. ताई, माझी परवानगी आहे. द्या बिनधास्त."

विनोदवीराने चेहरा गंभीर ठेवायचा बराच प्रयत्न केला. बायकोशी नजरानजर झाली आणि तो फसला. हसू ओसरायला वेळ लागला. मग तो खुर्चीत बसला.

"ठीक आहे. पण पाटीवर माझं नाव नको. नुसतं आडनाव लिहा."

बाईचा जीव भांड्यात पडला. "आणि आज रात्री, सर?"

"आज रात्री 'झुळूक'साठी टाळ्या मागतो. त्या शाळेच्या पोरांसाठी. आणि पाटीची बातमी मीच देणार. दुसऱ्या कोणी आधी फोडली, तर याद राखा."

वडिलांनी तोवर ओले हात शर्टाला पुसून आपल्या थोरल्या भावाला फोन लावला होता. भावाला ऐकू कमी येत असल्यामुळे ते ओरडून बोलत होते.

"दादा, आपलं नाव लागलं! अवकाशयानात! ... नाही रे, यानाला नाही. यानाला काय, कुठलंही देतात! ... कुठे म्हणजे? कितीही मोठा माणूस असला तरी जिथे बसावंच लागतं, तिथे!"