मेहुण्याचा खडक

धाकटा भाऊ चपला न काढताच ताईच्या घरात शिरला.

"भाऊजी, तुम्हाला अध्यक्ष केलं ते माझ्याच पोटावर पाय द्यायला?"

आत मासळी वाढली की बाहेर सगळ्यांच्या जाळ्यात येईल, म्हणून मच्छीमार सोसायटीने समुद्राचा एक तुकडा मासेमारीला बंद केला होता. पण जाळी रिकामीच राहिली. मासळी अंडी घालायची ती अध्यक्षांचा हा मेहुणा जिथे जाळं टाकायचा, त्या 'मेहुण्याच्या खडका'पाशी, आणि हद्दीची लाल पिंपं नेमका तो खडक टाळून वळलेली. आज मात्र ती खडकाच्या पलीकडे तरंगत होती.

"अरे, मी हातसुद्धा लावला नाही," भाऊजी भिंतीला टेकले.

"मग काय पिंपं पोहत गेली?"

ताईने विणायचं जाळं बाजूला ठेवलं. "त्यांना कशाला दमात घेतोस? तेवढी धमक असती, तर पहिल्याच दिवशी तुझा खडक आत घेतला असता."

भावाने तिचे तळवे पाहिले. दोराने सोलवटले होते.

"तू? सख्खी बहीण असून?"

"सख्खी आहे म्हणूनच मी गेले. दुसऱ्या कोणी पिंपं हलवली असती, तर तू कोयता काढला असतास. काढ आता."