पाणी घालू नये

"ही कुंडी ओली कशी?" खटावकर मॅडम प्रयोगशाळेच्या दारातूनच कडाडल्या. "एका रोपाला पाणी द्यायचं, दुसऱ्याला नाही, मग दोन्हींची तुलना करायची. अकरावीच्या पोरांच्या डोक्यात एवढंही शिरत नाही?"

कुंडीवर 'पाणी घालू नये' अशी ठसठशीत चिठ्ठी होती. तरी प्रयोग पुन्हा बोंबलला होता.

मागच्या बाकावरून हर्षला उठली. "मॅडम, चवळीनं मान टाकली होती हो. बघवेना."

"न बघवायला ती काय तुझी मावशी आहे? इथे दयामाया चालत नाही. जे दिसतं तेच लिहायचं!"

मॅडमनी नवं रोप आणलं, खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

शनिवारी सगळे गेल्यावर त्या एकट्याच पेपर तपासत बसल्या. काचेआड रोप मलूल होऊन कुंडीच्या काठावर लोंबत होतं. त्यांनी खुर्ची फिरवून कपाटाकडे पाठ केली. थोड्या वेळानं, "कटकट आहे नुसती," असं पुटपुटत पर्स उघडली.

सोमवारी रोप ताठ उभं होतं आणि माती ओली. हर्षलानं पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, काय लिहू?"

"किल्ली कुणाकडे होती?"

"तुमच्याकडे."

"मग लिही की तसं! जे दिसतं तेच लिहायचं, किती वेळा सांगायचं तुम्हाला?"