वाचायचं मशीन

लॅपटॉप सुरू झाला, पण बोलला नाही.

अनुवादकाने तो बंद केला, पुन्हा लावला. पंखा घरघरला. एरवी एवढ्यात मशीनमधली बाई स्वागत करायची आणि मग बोट ठेवील ते वाचून दाखवायची. आज चिडीचूप. अनुवादकाला दिसत नव्हतं. न बोलणारा लॅपटॉप आणि भाजी चिरायची फळी यांत त्याच्या लेखी काही फरक नव्हता.

न बोलणारी ही घरातली दुसरी. पहिली त्याची बायको.

त्याचं असं झालं. हे मशीन येण्याआधी वर्षानुवर्षं बायकोच त्याला सगळं वाचून दाखवायची. वर्तमानपत्रं, पत्रं, औषधांच्या बाटल्या. गेल्या आठवड्यात घरी पाहुणे आले. "मशीनचं वाचणं कसं वाटतं हो?" त्यांनी विचारलं. "झकास!" तो म्हणाला, "ही बाई मध्येच सुस्कारे टाकत नाही." पाहुणे पोट धरून हसले. बायकोने कपबशा गोळा केल्या. "मग तिच्याशीच बोला," एवढं म्हणून ती आत गेली, ती गेलीच.

डोळस नवऱ्याशी अबोला धरला, तर बायको निदान दिसत तरी असते. याची घरातून नाहीशीच झाली. त्यात तिने चपला सोडून लोकरी पायमोजे घालायला सुरुवात केली. ती ओट्यापाशी आहे, समोरच्या खुर्चीत आहे की घरातच नाही, काही पत्ता लागेना. आठवडाभरात त्याने दोनदा रिकाम्या खुर्चीची माफी मागितली होती. एकदा फ्रिजची.

तो यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करायचा. मिक्सर, पाण्याचे पंप, खुद्द हा लॅपटॉप. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी 'अडचणी आणि उपाय' असं प्रकरण असतं. अशी किती प्रकरणं त्याने मराठीत आणली होती. पण त्याच्या अडचणीवर कुठल्याही कंपनीने उपाय छापलेला नव्हता.

आज सकाळीच मेहुणीचा फोन आला होता. "भावोजी, काय घोळ घातलात? ताई दुपारी माझ्याकडे यायला निघतेय. किती दिवस राहणार विचारलं, तर म्हणते, कपाटच रिकामं केलंय." त्याने फोन ठेवला, तेव्हा आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला. आठवड्यातला तिचा पहिला आवाज.

आणि आता हा लॅपटॉप.

"अगं," तो भिंतीच्या दिशेने म्हणाला, "हा बोलत नाहीये. पडद्यावर काय आलंय, तेवढं सांग. मग जा."

 त्याने पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, तोच अगदी कानाशी आवाज आला, "हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतोय."

तो दचकला. ती कधीपासून शेजारी उभी होती कोण जाणे.

"सेटअपमध्ये जावं लागेल," तो घाईघाईने म्हणाला. "मशीनच्या तळघरात. तिथे त्या बाईचा आवाज पोचत नाही. तुलाच वाचावं लागेल."

"मध्ये सुस्कारा आला तर चालेल का?"

"टाक. मोठ्याने टाक."

त्याने एफ-टू दाबून लॅपटॉप लावला. निळं पान उघडलं आणि ती वाचू लागली. तारीख वाचली, वेळ वाचली, मेमरी वाचली. त्याने कुठेच थांबवलं नाही. मशीनचा लांबलचक अनुक्रमांक तर नीट ऐकू आला नाही म्हणून दोनदा वाचायला लावला. त्या अनुक्रमांकाचं तो काय करणार होता, हे तिने विचारलं नाही.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

 उजवीकडच्या बाणाने पानं उलटत तो 'बूट'च्या, म्हणजे मशीन कशावरून सुरू व्हायचं ते ठरवायच्या पानावर आला.

"इथे यादी आहे," ती म्हणाली. "उजळलेली पट्टी पहिल्या ओळीवर आहे, यूएसबीवर. तिच्या खाली, दुसऱ्या ओळीत हार्ड डिस्क. तिच्यापुढे लिहिलंय, बंद."

"हां. तीच चालू करायची." खालच्या बाणाची कळ वाजली. टक, टक, टक. मग एंटर.

ती पडद्याकडे बघत राहिली. पट्टी चौथ्या ओळीवर जाऊन थांबली होती. हार्ड डिस्क चौथ्याच ओळीत होती. दुसरी ओळ ती मुद्दाम म्हणाली होती. म्हणजे हा गृहस्थ इथे आधी येऊन गेला होता. आज सकाळीच, मेहुणीच्या फोननंतर, एकटा, बोटांनी ओळी मोजत, आणि हार्ड डिस्क त्यानेच बंद केली होती.

"काय झालं?" त्याचा आवाज चिरकला. "आहेस ना? अगं, आहेस ना?"

"आहे." तिने पडद्यावरची पुढची ओळ वाचली. मग म्हणाली, "आता विचारतोय, केलेला बदल ठेवायचा का. हो की नाही?"

 हो म्हटलं की मशीन बोलू लागणार, आणि बायकोला थांबवायला दुसरं काही त्याच्याकडे उरणार नव्हतं. पुन्हा हॉर्न वाजला.

"हो," तो कसाबसा म्हणाला. "गाडी खोळंबलीय तुझी."

तिने 'नाही'ची कळ दाबली आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग एक चांगला लांबलचक सुस्कारा टाकला. पायमोजे ओढून काढले, कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या आणि त्या फटक फटक वाजवत ती दारापर्यंत गेली.

"दादा, तुम्ही जा परत," तिचा आवाज आला. "आमच्या ह्यांचं वाचायचं मशीन बिघडलंय. मला काही निघता यायचं नाही."