साहेबांसाठी गादी

“अजून मऊ पाहिजे,” दीपचंदशेठ म्हणाले आणि त्यांनी तळहाताने गादी पुन्हा दाबून पाहिली.

कडूबा लॉरीखालून सरपटत बाहेर आला. हाताचं काळं ग्रीस त्याने चिंधीला पुसलं आणि बाजूला थुंकला.

“शेठ, गाडी हातची चालली अन् तुम्ही गाद्या घालून राह्यले?”

शेठ गादीचा कोपरा सारखा करत राहिले.

पिंपळगाव रेणुकाईत ही एकच लॉरी होती. शेठांनी जुनी म्हणून स्वस्तात घेतलेली आणि ड्रायव्हर कडूबाने चालती ठेवलेली. गावची मिरची ती जालन्याला नेई आणि दोन्ही घरं तिच्यावर चालत. आता तालुक्याला नवे साहेब आले होते. गुरुवारी ते याच लॉरीने जालन्याला जाणार होते. प्रवास पसंत पडला तर लॉरी सरकारी कामाला लावून घेऊ, असं त्यांनी चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं. सरकारी कामाला गेलेली साधी बैलगाडीसुद्धा परत येत नसे.

कडूबाचं म्हणणं सरळ होतं. गाडी आहे तशी ठेवायची. मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, रेडिएटर गळत होता, ब्रेक धरत नव्हता. साहेब भोकरदनलाच कंटाळून उतरले असते.

“अन् बद्रीनाथचं काय झालं?” शेठांनी हळूच विचारलं.

साहेब बसलेले असताना बद्रीनाथच्या बैलगाडीचा आस मोडला होता. मुद्दाम मोडला म्हणून बद्रीनाथला चावडीपुढे उन्हात ओणवं उभं केलं होतं. तो अजून कमरेत वाकून चालत होता.

“गाडीत खोट निघता कामा नये,” शेठ म्हणाले. “बिलकुल न्हाई.”

मग कडूबाने गाडी दुरुस्त करायला घेतली. महायुद्धामुळे सुटे भाग मिळत नव्हते. त्याने तुटक्या पाट्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळल्या. रेडिएटरचं भोक कथील ओतून बुजवलं. जिनिंगमधल्या जुन्या पट्ट्याचे तुकडे कापून ब्रेकला बसवले. एरवी असं काही जमलं की तो खूश होऊन शीळ घाली. आता प्रत्येक जमलेल्या कामाची त्याला किळस येत होती.

शेठांनी मात्र बैठकीचं काम स्वतःकडे घेतलं. डाव्या बाजूची फळी काढून त्यांनी तिथे हात टेकायची रुंद खुर्ची ठोकली. वरून बायकोच्या, चंदाबाईंच्या पेटीतली लाल मखमल. गावात नव्या कापसाचे ढीग पडलेले असताना आत भरायला शेठांनी धर्मशाळेतली मळकट गादी उचलून आणली. तिला घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास मारत होता.

“ही? साहेबाला?” कडूबाने नाक दाबलं. “निदान ऊन तरी दाखवू द्या.”

“नको. सावलीत राहू दे. जुना कापूस मऊ असतो.”

त्यानंतर कडूबा सकाळी येई तेव्हा शेठ त्या लाल खुर्चीत अंग मुडपून झोपलेले असत.

“शेठ, घर न्हाई का तुम्हाला?”

“बैठक अंगाला बसली पाहिजे.”

“उद्या साहेबाचे जोडे बी चाटाल.”

“जोडे चामड्याचे असतात, कडूबा. आम्हाला चालत न्हाई.”

कडूबाला हसू आलं नाही. त्याने चंदाबाईंकडे तक्रार केली.

“मी काय बोलणार?” त्या धान्य निवडता निवडता म्हणाल्या. “चार भिंतींत झोपा म्हटलं तर ऐकत न्हाईत. गावात तोंड दाखवायला लाज वाटून राह्यली मला.”

शेवटच्या दोन रात्री मात्र शेठ घरी झोपले. बैठक मनासारखी झाली असावी.

गुरुवारी साहेब आले. खुर्चीत बसले, आत रुतले आणि खूश झाले.

“वाह, दीपचंद! ये तो तख़्त है. गाडी पसंद आयी तो जालना से सीधी हमारे बंगले पर.”

शेठांनी वाकून हात जोडले आणि ते मागे मिरचीच्या पोत्यांवर जाऊन बसले. कडूबाने त्यांच्याकडे बघायचंही टाळलं.

गाडी सुरेख चालली. चढावर दमली नाही, उतारावर ब्रेकने बरोबर धरलं. इंजिनाचा तो सरळ आवाज कडूबाला शिवीसारखा ऐकू येत होता.

बऱ्याच वेळाने साहेबांनी बसण्याची बाजू बदलली. पुन्हा बदलली. मग शेरवानीची गुंडी काढली. तोंड लाल झालं. “जल्दी चलाव,” ते दोनदा ओरडले. कडूबाने मनात म्हटलं, मालक झाला हा गाडीचा.

भोकरदनच्या बाजारात शिरताच साहेबांनी गाडी थांबवली आणि उडीच मारली.

“ले जाव ये गाडी! फिर मेरे सामने लाना मत.”

शेठ धावत पुढे आले. “हुजूर, गाडीत काही खोट?”

साहेबांचा हात पाठीमागे गेला, पण भोवती बाजार जमला होता. हात अर्ध्यावर थांबला.

“खोट नहीं. बस, ले जाव.”

ते घाईघाईने टांग्याकडे चालते झाले. टांग्यातही बसले नाहीत, दांडा धरून उभेच राहिले.

कडूबाला काही उमजेना. गाडी राहिली होती, पण शेठांवरचा राग तसाच होता.

“आता ही घाण तरी फेकू द्या,” म्हणत त्याने मखमल ओरबाडली. शिवण उसवली आणि त्याच्या मनगटावर टम्म फुगलेले ढेकूण चढले. पाच, सात, मग मोजता येईनात. शिसारी येऊन त्याने दुसरा हात उगारला.

शेठांनी तो वरच्यावर धरला.

“मारू नको रे. माझ्याच रक्तावर पोसलेत. साहेबासाठी परवापासून उपाशी ठेवलं त्यांना, तेवढं पाप पुरे आहे मला.”