एका सुईपुरती लस

"एकाच सुईपुरती लस उरलीय," गहिनीनाथ कुपी उन्हाकडं धरून म्हणाला, "आन् पोरं दोन."

तिसगावाजवळच्या त्या वस्तीवर सगळे त्याला देवी डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता, पण वीस वर्षं लोकांचे दंड टोचल्यावर त्यानं हरकत घेणं सोडून दिलं होतं. सकाळपासून अख्खी वस्ती टोचून झाली. मुक्ताबाई सगळ्यांच्या मागून आली, कारण घरात तिची जाऊ लंकाबाई देवीनं फुलली होती आणि तिच्याजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं. दोघींचे नवरे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. पोरं दोन वर्षांमागं ऊसतोडीला गेल्यावर फडावरच झालेली. दंड कोरेच राहिले होते.

आजारणीजवळ पोरं किती दिवस आहेत, असं गहिनीनाथनं विचारलं. चार, ती म्हणाली. मग आजच टोचायला हवं होतं. पाथर्डीहून नवी कुपी परवा येणार, आणि परवाच्या लशीचा काही उपयोग नव्हता.

रजिस्टरात आईच्या नावाचा रकाना होता. तो भरल्याशिवाय गहिनीनाथ सुईला हात लावत नसे.

"कोन कुनाचं?"

"मच्छिंद्र माजा. दगडी जावंची."

मुक्ताबाईचा चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा होता. चार दिवसांत ती रडली नव्हती, धड जेवलीही नव्हती. शेजारची म्हातारी रंगुबाई म्हणाली, त्यात इचारायचं काय, पोराला टोचा.

"दगडीला टोचा," मुक्ताबाई म्हणाली.

"मुक्ते, पोटचा गोळा हाय तो. इचार कर."

"केला. टोचा."

दगडीनं वस्ती डोक्यावर घेतली. आपण सुटलो म्हणून मच्छिंद्र हसला.

रंगुबाईनं मुक्ताबाईवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. गहिनीनाथ म्हणाला, वीस वर्षांत अशी बाई बघितली न्हाई, आता गावोगाव सांगतो. आणि त्यानं सांगितलंही.

मुक्ताबाई दोन्ही पोरांना घेऊन घराकडं निघाली. तिची पहिली तीन बाळं पाचवीच्या आतच गेली होती. चौथी फडावरच्या पाचटाच्या कोपीत झाली, तेव्हा सटवाईला पत्ता लागू नये म्हणून तिनं ती जावेच्या ओटीत घातली आणि जावेचं पोर आपल्या ओटीत घेतलं. तेव्हापासून दगडीला तिनं चुकूनही आपली म्हटलं नव्हतं.