हनुवटी कुणीकडे

दवाखान्यात भावोजींच्या दातांवरचं शेवटचं रबर निघालं, तसा मेव्हणा खुर्चीच्या कडेला सरकला.

तीन आठवडे भावोजींचे वरचे-खालचे दात तारा-रबरांनी जखडलेले. ते नळीने सूप ओढायचे आणि हा पठ्ठ्या समोर बसून कुरुम कुरुम टोस्ट खायचा. टेबलाखाली भावोजींच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना यानेच बांधल्या होत्या. ते उठले ते थेट हनुवटीवर आपटले, जबडा मोडला, आणि ताई धावत येईपर्यंत याने गाठ सोडलीही होती. "आता एकच खोडी, की तुझी बॅग दाराबाहेर," असं ताईने आधीच बजावलेलं. बोलता येत नाही म्हणून दिलेल्या पाटीवर भावोजींनी याबद्दल कधी एक अक्षर लिहिलं नाही. नुसते दात दाखवायचे.

"ऑपरेशनशिवाय जबड्याचा सांधा छान जुळलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोडला होता डावीकडचा, म्हणून तोंड उघडताना हनुवटी डावीकडे पळेल. आरशात बघून मधे आणायची. उघडा."

भावोजींनी दोन्ही हातांनी आरसा धरला. तोंड उघडलं. हनुवटी डावीकडे सरकली. डावीकडे मेव्हणा बसला होता.

"इथे फारच उकडतंय बुवा," म्हणत तो उठला आणि खुर्चीला वळसा घालून उजवीकडे जाऊन उभा राहिला.

"पुन्हा."

हनुवटी सावकाश उजवीकडे आली. बोट दाखवावं तशी.

"असं कसं?" डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "उजवा सांधा तर धडधाकट आहे."

मेव्हणा गुपचूप एक पाऊल मागे सरकला. हनुवटीही तेवढीच वळली. आता मागे उभी असलेली ताईही तिकडेच बघायला लागली.

"काय रे? एवढा घाम का फुटलाय तुला?"

"मला? छे! मी आपला... बाहेर थांबतो."

तो वळला, आणि पाय उचलेना. त्याने खाली पाहिलं. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या. दुहेरी गाठ, आणि वर टोक आत खोचलेलं. अशी गाठ घरात त्याच्याखेरीज कुणालाच येत नव्हती.

ताईच्या हातात फाइल होती. डॉक्टरीणबाईंच्या हातात चिमटा. भावोजींनी आरसा दोन्ही हातांनी तसाच धरला होता.

तीन आठवड्यांनी भावोजी पहिल्यांदा बोलले.

"जपून हं, मेव्हणे."