जुन्या फाइलची प्रत

“खांबेटेकाका, आता वाचकांना पुस्तकं कशी शोधून द्यायची?” काउंटरवरच्या कुमुदताई वैतागल्या. ग्रंथालयाच्या संगणकावर मराठी नावं नीट दिसावीत म्हणून काकांनी सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी बदलल्या आणि बारा हजार पुस्तकांची यादी उघडेनाशी झाली.

काकांना घाम फुटला. पण फाइलला हात लावण्याआधी त्यांनी तिची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली होती. ती मूळ जागी परत टाकून त्यांनी संगणक पुन्हा सुरू केला. यादी झरझर उघडली!

“प्रत ठेवायचं कोणी शिकवलं हो तुम्हाला?”

“कोणी नाही. माझा स्वतःवर भरवसा नाही, म्हणून.”

“मग नसूच दे भरवसा!” ताई खळखळून हसल्या.

काकाही हसले. मग त्यांनी तीच फाइल पुन्हा उघडली. जन्मात पहिल्यांदाच त्यांना चुकायची भीती वाटत नव्हती.